दोराचं दुसरं टोक

आजोबांनी चिंध्यांचं गाठोडं कमरेला बांधलं, आणि पुन्हा सोडलं.

"चाक आजारी आहे," ते म्हणाले. "हात लावला की कण्हतं."

"कालच तेल घातलंय त्याला," दोर वळायच्या चाकाशी उभी असलेली शिल्पकार म्हणाली.

"मग अपचन झालं असेल."

बाकावर बसलेल्या आजी गालातल्या गालात हसल्या. मनगट दुखावल्यापासून त्यांचं चाक फिरवणं बंद झालं होतं, आणि आजोबांचं दोर वळणंही. या संग्रहालयात जुने धंदे काचेमागे ठेवलेले नव्हते. माणसं ते करून दाखवत. शेजारी लोहाराचा घण दणाणायचा, पलीकडे माग खडखडायचा. मुकी होती ती फक्त दोरखोली. आज चाक फिरलं नाही तर इथे भेटवस्तूंचं दुकान येणार, असं कार्यालयानं बजावलं होतं.

शिल्पकार इथे काही महिने राहून काम करायला आलेली. तिनं आसपासच्या घरांतून जुने कपडे गोळा केले होते. शाळेचे गणवेश, विटलेले पडदे, कोणाचा तरी लग्नातला कोट. साऱ्यांच्या पट्ट्या फाडून एकच दोर वळायचा आणि अंगणात झोपाळा टांगायचा, असा तिचा बेत. कपडे देणारे दोन्ही बाजूंना उभे होते.

"अहो, लोक ताटकळलेत," आजी म्हणाल्या.

"मला उलटं चालायचंय. मागची भिंत आली हे या पोरीला कसं कळणार?"

"मी हाक मारीन की."

"तू मनगट सांभाळ."

"हाक काय मनगटानं मारतात?"

आजोबांनी पुन्हा गाठोडं बांधलं. पट्टीचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवलं. चाक फिरलं, पीळ बसू लागला, आणि ते एकेक पाऊल मागे जाऊ लागले. पाऊल पडलं की त्यांची लोणकढी थाप सुरू व्हायची. आजींचं मनगट दुखावण्याआधी रोज तीच, आणि रोज अर्धी; कारण भिंत जवळ आली की आजी "पुरे आता" म्हणायच्या. लोकांना वाटे, बाई नवऱ्याच्या थापांना विटली.

"तरुणपणी नदी पळून चालली होती," आजोबा सांगू लागले. "तिला बांधायला दोर वळला. एक टोक माझ्या कमरेला. पूर असा, की मी झाडांच्या शेंड्यांवरून वाहत गेलो. एक मगर दोराला लटकून दोन गावं फुकट आली. उतरताना आभार मानायचीही रीत नाही."

"आणि दुसरं टोक कोणी धरलं होतं?" कोट देणाऱ्या बाईनं विचारलं.

नेहमी इथेच हाक यायची. आज आली नाही.

आजी बाकावरून उठल्या होत्या. लोकांच्या मागून जाऊन त्यांनी धड हातानं मागच्या भिंतीतल्या दाराचा अडसर काढला. तयार दोर बाहेर न्यायलाच काय ते उघडणारं दार. आजोबांच्या टाचांशी ऊन आलं. त्यांची चाल मंदावली. पण वळून पाहिलं तर पीळ सुटतो. त्यांनी पाहिलं नाही.

"सांगा ना."

"होती एक," आजोबा म्हणाले. आवाज खाली आला होता. "हात सोलून निघाले तिचे. मी ओरडलो, अगं सोड, तूही वाहशील. तर म्हणते कशी..."

पुढचं त्यांनी कधी रचलंच नव्हतं. चाक फिरत होतं. पाठीला एक तळहात टेकला.

"उंबरा आहे," आजी म्हणाल्या. "पाय उचला."

आजोबांनी पाय उचलला.