सासूबाईंच्या नावाची पाल

मित्रांनो, मी एक जुनीजाणती पाल आहे. उष्ण प्रदेशातल्या एका प्रयोगशाळेच्या भिंतीवर, ट्यूबलाइटच्या शेजारी, माझा जन्म गेला. डास आणि चिलटे खाऊन मी सुखात होते. लोक मला पाहून किंचाळत, पण त्याचीही सवय होते.

तरुणपणी कपाटाच्या दारात सापडून माझी शेपटी तुटली. नवी फुटली ती आखूड, जाड आणि मुळ्यासारखी गुळगुळीत. मला तिची फार लाज वाटे. प्रयोगशाळेतल्या सरांना मात्र ती दिसली आणि त्यांना वेड लागायची पाळी आली. पालींच्या जाती ओळखण्यात सरांनी हयात घालवली होती. त्यांनी मला बरणीत घातले, भिंग लावले, बोटांखालच्या पट्ट्या मोजल्या, अंगावरचे खवले न्याहाळले. सगळे साध्या घरपालीसारखेच निघाले.

"पण ही शेपटी! नवी जात आहे ही!" सर ओरडले. लगेच घरी फोन लावून त्यांनी त्या जातीला सासूबाईंचे नाव देऊनही टाकले.

नव्या जातीचा मान मोठा असतो, पण तिच्या पहिल्या नमुन्याला स्पिरिटच्या बाटलीत कायमचे राहावे लागते. बाटली धुऊन तयार होती. माझ्या पायाखालची भिंत सरकली.

सासूबाई नटूनथटून बघायला आल्या. सरांनी मला चिमटीत धरून त्यांच्या नाकासमोर नेले.

"अगं बाई! हिला माझं नाव?"

"आई, केवढा सन्मान आहे हा!"

"जावईबापू, आधी ती लांब करा!"

त्या किंकाळीने मी एवढी दचकले की शेपटीच टाकून दिली. ती टेबलावर वळवळू लागली. सवयीने सरांनी ती चिमट्याने उकलून भिंगाखाली धरली आणि मटकन खाली बसले. बुडाशी जरासे हाड, पुढे नुसती मऊ कूर्चा.

"ही तर तुटून पुन्हा आलेली शेपटी," ते पुटपुटले. "म्हणजे साधी घरपालच."

"अहो, मी सगळ्या नातेवाइकांना सांगून बसलेय! आता बहिणीला काय तोंड दाखवू?"

मला सरांची दया आली, पण आनंद त्याहून जास्त झाला. सासूबाईंनी एकदा बाटलीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"सोडा तिला. नाव नाही तर नाही, निदान पाप तरी नको."

मित्रांनो, तुमचे गुरुजी म्हणत असतील, असामान्य व्हा. अवश्य व्हा. मी मात्र साधी निघाले म्हणून जिवंत आहे. उद्या आमच्यातली एखादी खरोखरच वेगळी निघाली, तर तिलाही भिंतीवरच नीट पाहून घ्या. बाटलीत गेल्यावर आम्ही कुणीच डास खात नाही.