आईचं गृहीतक

चिमट्याच्या टोकाशी अ‍ॅल्युमिनियमची वाटी, मसुराच्या दाण्याएवढी, आणि तिच्यात कथलाचा कण — तो तळाला नीट टेकलाय की एका कडेवर उभा आहे हे भिंगातूनही कळेना, आणि कळून तरी काय, गेले पंधरा दिवस तिला उत्तर ठाऊकच होतं. कण पूर्ण टेकत नाही. खाली केसाएवढी फट राहते, उष्णता तिथे रेंगाळते, आणि कथील वितळताना यंत्र जो आलेख काढतं त्याचा उंचवटा समीकरणाने सांगितल्यापेक्षा उशिरा येतो, कलंडलेला. समीकरण आईचं होतं. तीस वर्षांपूर्वी, याच प्रयोगशाळेत, हाताने सोडवलेलं... 'कण व वाटी यांचा स्पर्श परिपूर्ण आहे असे गृहीत धरले.' आईच्या प्रबंधाचं पान एक्केचाळीस. त्यावर इतकी वर्षं सगळ्यांनी, लेकीनेसुद्धा, डोळे झाकून विश्वास ठेवला.

आज आई नवं यंत्र बघायला येणार होती. याच इमारतीत पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवून ती निवृत्त झाली, त्यानंतर फिरकली नव्हती. सकाळी फोनवर दोनदा विचारून झालं होतं, चपला अजून बाहेरच काढायच्या ना.

आईला सांगायचं कसं? तिने फट समीकरणात घातली होती, आकडे आता चपखल बसत होते, शोधनिबंध तयार होता — फक्त आईचं नाव यायला हवं तिथे तिने 'पूर्वीच्या काही अभ्यासांत' असं मोघम लिहिलं होतं. लहानपणी पाढा चुकला की आईही अशीच मोघम... 'पुन्हा एकदा म्हण बरं.' चुकलीस, असं कधी म्हणाली नाही.

आई आली ती चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावूनच बसली. दोन उंचवटे, एक तिच्या समीकरणाचा, एक यंत्राचा.

"फट," आई म्हणाली.

तिने चिमटा खाली ठेवला.

"मला माहीत होतं गं. ती धरली असती तर गणिताला आणखी वर्ष लागलं असतं, आणि मला सातवा महिना होता. म्हटलं, बाळ झालं की परत बघू." आई जरा हसली. "राहूनच गेलं."

सातवा महिना... म्हणजे ते वाक्य लिहिताना टेबल आणि आई यांच्यामध्ये मी होते. मग माझे ताप, माझे डबे, माझ्या परीक्षा — आईने कधी विषय काढला नाही, मी कधी विचारलं नाही. तिला हेच हवं होतं, असं मी धरूनच चालले.

आई मसुदा वाचत होती. बोट एका ओळीवर थांबलं.

"हे 'काही अभ्यासांत' म्हणजे कोण? नाव लिही माझं. चूक आहे, पण माझी आहे."

तिने नाव लिहिलं. आईने स्टूल पुढे ओढलं, पेन्सिल मागितली आणि विचारलं, तिसरी पायरी कशी काढलीस. ती समजावू लागली, आधी सावकाश, आईला सांगतात तसं, मग भरभर — कारण समोरची बाई तिच्या पुढे धावत होती, तिच्याच वयाची, अर्धं काम टाकून उठलेली कुणीतरी... आणि हिला काय म्हणून हाक मारायची, हे तिला सुचेना.