भिंतीवरची मेणबत्ती

"अमृतप्पा, बाहेर काय करायलाव?" फादरनी भिंतीवरून विचारलं.

"खड्डा," अमृतप्पा कमरेएवढ्या खड्ड्यातून म्हणाला.

मैलूरच्या कॅथलिक कबरस्तानात खोदायचं काम त्याच्याकडे बापाकडून आलं होतं. नियमही बापाचाच: ज्यानं स्वतःहून जीव दिला, त्याला भिंतीबाहेर पुरायचं. आज राजूबाईची लेक अंजू होती. राजूबाई आत, नवऱ्याच्या कबरीशेजारी पदर पसरून बसली होती, बसमध्ये जागा धरतात तशी.

"त्यो नियम कवाच गेला," फादर म्हणाले. "'खून करू नको' या आज्ञेत आपला जीवबी आला. जीव देवाचा, आपण राखणदार. म्हणून ते पापच. पण दुःखानं घेरल्याल्या माणसाचा दोष किती, ते देवालाच ठाव. बायबलातला शौल राजा आपल्याच तलवारीवर पडला. याबेश गावच्या लोकांनी त्याला झाडाखाली पुरलं, सात दिवस उपास केला. मधी भिंत न्हाई घातली."

अमृतप्पानं घाम पुसला. "मग आमची अक्का?"

फादर नवे होते. अक्का, अमृतप्पाची थोरली बहीण, तिथंच भिंतीबाहेर सहा हातांवर होती, तीस वर्षांपासून. तिचा खड्डा बापानंच खोदला होता. तेव्हापासून मृतांच्या सणाला अमृतप्पा मेणबत्ती भिंतीच्या माथ्यावर ठेवी. ना आत, ना बाहेर. कुणी विचारलं तर म्हणे, तिथं वारा लागत न्हाई. वारा सगळ्यात जास्त तिथंच लागे.

"आत आणू का तिला?"

"हाडं हलवायची तर लई कागद लागत्यात. बिशपांचं, सरकारचं."

"आन् भिंत हलवायला?"

फादरनी भिंतीपलीकडं नजर टाकली. "पल्याडची जागा कुणाची?"

"आपलीच. चर्चची."

"मग कागद कशाला?"

अमृतप्पानं आपला खड्डा बुजवला आणि आत दुसरा खोदला. एका मयताला दोन खड्डे पहिल्यांदाच लागले. तो खोल झाल्यावरच राजूबाईनं पदर गोळा केला.

दुसऱ्या दिवशी जांभ्याचे चिरे निघू लागले. शेजारचा हणमंतप्पा आला.

"भिंत कामून पाडायलास?"

"पाडत न्हाई. अक्काच्या पल्याड सरकवायलोय."

"अक्काला सरकवायचं सोडून भिंत?"

"अक्काला कागद लागत्यात."

हणमंतप्पाला हे पटलं. त्यानंही एक चिरा उचलला.

मृतांच्या सणाला अमृतप्पा मेणबत्ती पेटवून गेला. सवयीनं त्याचा हात छातीच्या उंचीला गेला आणि तिथंच थांबला. खाली काहीच नव्हतं.

मग तो वाकला.