एकच प्रत पुरे

मी चारुशीलाबाईंची हार्ड डिस्क बोलतेय. बारा वर्षं काळ्या ट्रंकेत, स्वेटरांच्या घडीत काढलीत मी. चार बदल्या पाहिल्यात.

बाईंचे यजमान विलासराव फौजी. दर बदलीला सामान कमी करायचं, हे त्यांचं व्रत. "एकच प्रत पुरे, पण जागच्या जागी." असं म्हणत चंदीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीला निघताना त्यांनी जुना लॅपटॉप आणि सगळ्या सीडी भंगारात दिल्या. माझ्यात सगळं होतंच की! बाईंच्या आईचे, सरलाआजींचे, कऱ्हाडहून आलेले, रेकॉर्ड करून ठेवलेले फोनसुद्धा. आजी तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचा आवाज आता फक्त माझ्यापाशी होता, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

निघायच्या घाईत, मी अजून लिहीत असतानाच, विलासरावांनी केबल उपटली. कोणती फाइल कुठे ठेवली याची माझी वही अर्धवट राहिली. इथे येऊन मला जोडलं, तर काहीच उघडेना.

"आधी कुणाला तरी दाखवू या गं," बाई लेकीला म्हणाल्या.

"मम्मा, पाँच मिनट का काम है," कश्मिरा म्हणाली.

"करून टाक," विलासराव म्हणाले.

तिने दुरुस्तीचा प्रोग्राम लावला आणि येईल त्या प्रश्नाला 'हो' म्हणत गेली. अहो, दुरुस्तीला फक्त वही जुळवायची असते. ज्या पानाचा मेळ लागत नाही, ते ती फाडून टाकते. मी काय करणार, मला कुठली वाचा!

शेवटी पडद्यावर आलं, 'एकही चूक नाही.' बाईंनी आईचं फोल्डर उघडलं. ते रिकामं होतं.

चंदीगडच्या सेक्टर चौतीसमधल्या दुकानदाराने मान हलवली. "मैडम, पहले पूरी कॉपी बनानी थी. रिपेयर उस कॉपी पर करते." मग माझ्यात एक अक्षर न लिहिता त्याने मला नुसतं वाचून काढलं. हाती आजींच्या आवाजाचे अकरा सेकंद लागले. "चारू, थंडी फार आहे का गं तिकडे? डोक्याला बांधत जा, नाहीतर..." पुढे काही नाही.

आता पुन्हा बदली आलीय. विलासरावांनी काल तीन नव्या डिस्क आणल्या, तिन्हींत ते अकरा सेकंद उतरवले आणि तीन वेगळ्या ट्रंकांसाठी त्यांवर पांढरे नंबर घातले.

मला हवं तर भंगारात द्या. पण त्या तिघींची केबल काढताना घाई करू नका, एवढंच मागते. तशी काल घाई झाली नाही म्हणा. कॉपी पूर्ण झाली तरी विलासराव केबलला हात न लावता कितीतरी वेळ तसेच बसून होते.