नीलम्माच्या ब्लॉगवरचा जागांच्या भावाचा आलेख

मित्रांनो, मी एका ब्लॉगवरचा जुना आलेख आहे. सोलापूर आणि आसपासच्या जागांचे भाव मी दाखवतो. माझ्या रेघेला बोट लावले की एक छोटी चौकट उघडते आणि त्या भागात त्या वर्षी जागा काय भावाने गेली ते समजते. इंटरनेटवर माझ्या वयाचे आलेख फारसे जिवंत नसतात. मी आहे, आणि माझा मला अभिमान वाटतो.

मला घडवले नीलम्मा करजगीने. ती जुळे सोलापुरात राहते आणि जागांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करते. या व्यवहारांची माहिती ती मराठीत ब्लॉगवर लिहायची. लेखाखाली भावांचे लांबलचक तक्ते असत. ते कोणी वाचत नसे. लोक शेवटी फोन करून विचारायचेच की अक्का, कुंभारीला काय भाव चाललाय? मग तिने मनावर घेतले. तिची भाची काव्या पुण्यात संगणकाचे काम करते. तिच्याकडून व्हिडिओ कॉलवर शिकत, चुकत, पुन्हा शिकत नीलम्माने मला ब्लॉगवर बसवले. पहिल्यांदा मोबाइलवर उघडलो तेव्हा माझा अर्धा भाग पडद्याबाहेर होता. काव्या म्हणाली, राहू दे, लोक लॅपटॉपवर बघतील. नीलम्मा ऐकेना. जागा विकणाऱ्या बाईच्या हातात मोबाइलच असतो, असे तिचे म्हणणे. मी त्या पडद्यात नीट मावेपर्यंत तिने मला सोडले नाही.

जुळे सोलापूरची रेघ निळी, अकलूजची जांभळी, मोहोळची हिरवी आणि कुंभारीची हळदीसारखी पिवळी. मालक काय मागतो, दलाल काय सांगतो, ते आकडे तिने माझ्यात कधी घातले नाहीत. झालेल्या व्यवहाराचाच भाव ती घ्यायची, तोही घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला विचारून.

पहिली शाबासकी मला दिली कुंभारीच्या गोजरबाईने. विड्या वळून तिने तिथे एक लहानशी जागा घेतली होती. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी ती विकायला निघाली. गुरुलिंग नावाच्या दलालाने तिला सांगितले की तिकडचे भाव पडलेत, मिळतेय ते पदरात पाडून घे. ती कबूल होण्याच्या बेतात होती. तेवढ्यात मुलीने मला उघडले. गोजरबाईने पिवळ्या रेघेवर बोट ठेवले आणि हळूहळू पुढे नेले. रेघ चढतच होती. गुरुलिंग समोर बसला होता. त्याच्यापुढे मोबाइल धरून ती म्हणाली, "हितं तर वर चाललंय की. मग पडलं कुटं?"

तिने तो सौदा मोडला. पुढे ती जागा दुसऱ्याने रास्त भावात घेतली आणि मुलगी कॉलेजात गेली. त्या दिवसांत मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

पण गुरुलिंग गप्प बसणारा नव्हता. नीलम्माची निम्मी गिऱ्हाइके त्याच्याकडून येत. तो तिच्या ऑफिसात आला, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाला, "नीलक्का, ती पिवळी रेघ काढा. नाहीतर आपला व्यवहार बंद."

नीलम्माने मला पडद्यावर उघडले. एक बटण दाबले असते तरी मी संपलो असतो. मग ती म्हणाली, "गुरुलिंगअण्णा, लोकांनी जागा घेतल्या, विकल्या, त्यातनं ती रेघ झालीय. ती काढणारी मी कोण?"

तो उठून गेला. नंतर तिचा फोन वाजेनासा झाला. ऑफिसचा गाळा सोडून तिला घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडावे लागले. पिवळ्या रेघेला मात्र तिने हात लावला नाही. हळूहळू, मला पाहून आलेली माणसे त्या खोलीत येऊ लागली.

मग वाईट दिवस आले. अक्कलकोटला नीलम्माची आई, बसव्वा, अंथरुणाला खिळली. नीलम्मा तिच्या सेवेला गेली. मला नवे भाव कोण देणार? माझ्या रेघा होत्या तिथे थांबल्या. माहिती जुनी झाली आहे असे कुठे लिहिलेलेही नव्हते. लोक येत, बोट लावत, विश्वास ठेवून जात.

आणि मित्रांनो, आता गुरुलिंगच माझे गुण गाऊ लागला. मोहोळच्या जोतिरामला जागा विकायची होती. हिरव्या रेघेच्या टोकाचा जुनाच भाव दाखवून तो त्याला म्हणाला, नीलक्काचा आलेख आहे, खोटे दाखवणार नाही. मधल्या काळात मोहोळचे भाव बरेच वर गेले होते. मला ते ठाऊकच नव्हते. जोतिराम भला माणूस, त्याने होकार दिला. सही करायच्या आदल्या दिवशी त्याला राहवेना. ब्लॉगवरच्या नंबरवर त्याने फोन लावला. "ताई, तुमची रेघ मधीच थांबलीया. फुडं काय झालं?"

नीलम्मा तेव्हा आईच्या उशाशी बसली होती. तिने त्याला सही थांबवायला सांगितले. मोहोळात नुकत्याच जागा विकलेल्यांना आणि घेतलेल्यांना तिने तिथूनच फोन केले आणि संध्याकाळपर्यंत माझी हिरवी रेघ पुढे नेली. ती ठळकपणे वर चढली. जोतिरामने सही केली नाही.

त्यानंतर तिने माझ्या खाली ठळक अक्षरांत तारीख घातली. नवी माहिती नसेल तेव्हा रेघेचे टोक करडे होते. ती अक्कलकोटला असली की काव्या मला सांभाळते.

मित्रांनो, तुम्हीही पुढे माझ्यासारखे आलेख कराल. जरूर करा. पण एकदा केला, कौतुक झाले, आणि विसरला, असे करू नका. आम्ही थांबलो तरी आमचा आवाज होत नाही. आम्ही तिथेच उभे राहतो. आमच्यावर विसंबलेला माणूस मात्र पुढे चालत जातो.