पोपटपंची

"ही पोपटपंची सोमवारी चालणार नाही," असं गांगुर्डे मॅडमनी सगळ्या वर्गासमोर सुनावलं, ते छायाला भलतंच झोंबलं. ती नाशिकला एमएस्सी करत होती आणि तिचा सेमिनार होता पेशीच्या पडद्यावरच्या रिसेप्टरवर. शब्द न् शब्द पाठ होता. पण मध्येच कुणी प्रश्न विचारला की तिची गाडी अडायची. याही वेळी अडली तर नापास, हे मॅडमनी स्पष्ट सांगून टाकलं होतं.

रविवारी दिंडोरीला घरी आली, तर बागेत वेगळाच तमाशा. भागीआत्याने पोपटांना पिटाळायला द्राक्षांच्या घडांवर मिरचीचं पाणी फवारलं होतं. सगळं घर शिंकत होतं. पोपट मात्र जेवणाचं आमंत्रण असल्यासारखे घडांवर तुटून पडले होते.

"मिरचीत भेसळ हाय," आत्या पदर खोचत म्हणाली. "त्या दुकानदाराला आता दावतेच."

छायाने द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकला. जिभेची आग आग झाली, डोळ्यांतून पाणी आलं. मिरची तर अस्सल होती. मग पोपटांना का लागत नाही? आणि पाठ केलेलं एक वाक्य तिच्या डोक्यात एकदम जिवंत झालं. तिला तिथेच नाचावंसं वाटलं.

"आत्या, थांब. जिभेतल्या नसांच्या पेशींना पातळ पडदा असतो. त्यात आरपार बसवलेलं प्रथिनाचं दार, तो रिसेप्टर. चटका बसला की दार उघडतं, बाहेरचे क्षार आत घुसतात आणि मेंदूला कळतं, भाजलं. मिरचीचं तिखट त्या दाराच्या खाचेत नेमकं बसतं, म्हणून चटका नसतानाही ते उघडतं."

"मग पोपटाला दार नाय?"

"आहे ना. चटका त्यालाही कळतो. पण त्याच्या दाराची खाच जरा वेगळ्या घडणीची. मिरची तिथे बसतच नाही."

"म्हंजे मी त्यांना मसाला लावून वाढलं व्हय," म्हणत आत्या बांधावरच बसली आणि हसत सुटली. मग तिने प्रश्नांवर प्रश्न विचारले. छाया एकदाही अडली नाही. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं.

सोमवारी छाया रिसेप्टरच्या खाचेपाशी पोचली, तोच मॅडमनी टोकलं, "खाचेत एवढासा बदल, त्याने काय होतं?"

छायाने हातातले कागद पालथे ठेवले आणि आत्याची अख्खी बाग वर्गात आणली. पोरं हसली, मग कान देऊन ऐकू लागली. मॅडमही पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या.

"हे तुला शिकवलं कुणी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पोपटांनी, मॅडम."