एका पायात चप्पल

"बाई, लगबग!" तिसऱ्या गटाचा पुढारी बाकावरून अर्धा उठून ओरडला. "तिला कुठंतरी जायची घाई आहे, म्हणून एकच चप्पल घातलीय. लगबगच!"

फळ्यावर धड्यातले दहा शब्द होते आणि चित्रबाईंच्या हातात एक जुनं कार्ड होतं; चित्र यांतल्या कोणत्या शब्दाचं, ते एकेका गटाने ओळखायचं. त्यावर एक दार, दारात एक मुलगी. तिच्या एका पायात चप्पल, दुसरी बाजूला पडलेली. पहिल्या गटाने सांगितलं होतं 'धांदरट', दुसऱ्याने 'हट्ट'. खरा शब्द होता 'हुरहुर'. मुलगा परतत नाही तेव्हा धड्यातल्या नावाड्याला लागते ती.

खेळाचा नियम बाईंचाच, आणि तोही वीस वर्षांचा जुना. तिन्ही गट चुकले तर दोष मुलांचा नाही, चित्राचा. ते कार्ड बाद, आणि त्या शब्दाचं नवं चित्र वर्गाने काढायचं. शिक्षण खात्याकडून आलेली गुळगुळीत छापील चित्रंसुद्धा बाईंनी याच नियमाने घरी बसवली होती. मुख्याध्यापकांनी डोळे वटारले, तर "मुलांना कळलं नाही, मी काय करू?" म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

बाईंनी हातातल्या कार्डाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरोबर."

तिसऱ्या गटाने वर्ग डोक्यावर घेतला. लगबगीचं खरं कार्ड, गाठोडी सावरत धावणारा माणूस, बाईंनी गुपचूप टेबलाच्या खणात सारलं आणि एका पायात चप्पल घातलेली मुलगी 'लगबग' या नावाने भिंतीवरच्या दोरीला अडकवली.

"मग हुरहुरचं चित्र कुठंय?" पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारलं. त्याला सगळे वकील म्हणत, आणि ते उगाच नव्हतं.

"त्याचं नाहीये."

"असं कसं नाहीये?"

तेवढ्यात घंटा झाली आणि बाई सुटल्या.

ते चित्र त्यांच्या लेकीने नऊ वर्षांची असताना काढलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बाई धड्यातलं वाक्य वाचायच्या आणि ती चित्र काढायची. हुरहुर म्हणजे काय, हे तिने विचारलंच नाही. "मला माहितेय," म्हणाली, "तू शाळेतून उशिरा येतेस ना, तेव्हा होतं ते." बाई हसल्या होत्या. दोन वर्षांनी ताप मेंदूत गेला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. शेवटच्या दुपारी बाई "तासाभरात येते गं" म्हणून तपासलेले पेपर शाळेत द्यायला गेल्या होत्या. त्यांना वीस मिनिटं उशीर झाला. त्याला आता अकरा वर्षं झाली, पण ती वीस मिनिटं काही सरत नाहीत. लेकीने काढलेली चाळीसएक कार्डं होती. मुलं बदलत गेली तशी ती एकेक करून बाद होत गेली, आणि बाईंनी काळजावर दगड ठेवून ती उतरवली. हे एकच उरलं होतं. दरवर्षी निदान तिसऱ्या गटाला तरी ते कळायचं.

दुसऱ्या दिवशी मुलं गणितं सोडवत होती आणि बाई वह्या तपासत होत्या. शब्द वाक्यात वापरून आणायचे होते. सगळ्यात शेवटी वही आली ती हळूबाईची. ही पोर लिहायला इतका वेळ लावायची, की हे नाव तिला पहिल्याच आठवड्यात चिकटलं होतं. तिने लिहिलं होतं : 'आजी दवाखान्यातून कधी येते याची मला लगबग लागली होती.'

लाल पेन टेकता टेकता थांबलं. बाईंनी तिला जवळ बोलावलं.

"हे असं का लिहिलंस गं?"

"चुकलं का?"

"चुकलं की नाही ते मग बघू. तुला काय म्हणायचं होतं?"

हळूबाईने दोरीकडे बोट केलं. "त्या मुलीला होतंय ना, ते. तिला पुढं जाऊन बघावंसं वाटतंय. पण ती गेली आणि इकडून, ज्याची वाट बघतेय तेच माणूस आलं तर? म्हणून एकच चप्पल घातलीय. तुम्हीच म्हणालात, त्याला लगबग म्हणतात."

लेकीचं चित्र कुणालाच कळलं नाही म्हणून त्या खोटं बोलल्या होत्या. आणि ज्या एका पोरीला ते पुरतं कळलं होतं, तिच्याच पदरात त्यांनी चुकीचा शब्द टाकला होता. स्वतःची लाज वाटली त्यांना. लेकीने हे खपवून घेतलं नसतं.

त्या उठून वर्गासमोर उभ्या राहिल्या. "काल मी तुम्हाला खोटं सांगितलं. चूक नाही झाली, मुद्दाम सांगितलं. ते चित्र हुरहुरचं आहे. लगबग खोडा."

"मग कार्ड बाद," वकिलाच्या तोंडून निघून गेलं. मग त्याचं त्यालाच कसंसं झालं. "पण बाई, हळूबाईला कळलं होतं ना?"

"ती तुझ्याच गटात होती. तुम्ही तिला बोलू दिलं नाहीत. गटाचं उत्तर चुकलं ते चुकलंच."

"राहू द्या ना बाई ते. छान आहे."

"नियम आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी दोरीवरचा चिमटा सोडवला, कार्ड उतरवलं आणि एक कोरं कार्ड हळूबाईपुढे ठेवलं. "आता तू काढ."

हळूबाईने पेन्सिल उचलली, पण तिचं लक्ष बाईंच्या हातातल्या जुन्या कार्डाकडेच होतं.

"बाई, ती कुणाची वाट बघत होती?"

"तिच्या आईची."

"मग आली का आई?"

"त्या दिवशी आली," बाई म्हणाल्या आणि तिच्या हातातली पेन्सिल घेऊन टोक काढू लागल्या.